आधी रक्त तपासणीला, मग सुई: हृदयाच्या झडपेचा जंतुसंसर्ग आणि अँटिबायोटिकची निवड

‘डॉक्टर, एक सुई मारून द्या, उद्या कामाला जायचं आहे.’ मोताळा तालुक्यातल्या कोणत्याही दवाखान्यात तासभर बसलात तर हे वाक्य दोन-चार वेळा तरी कानावर पडेल. त्यात चूक काही नाही. रोजमजुरी करणाऱ्या माणसाला तापात पडून राहणे परवडत नाही. बहुतेक वेळा तो ताप साधाच असतो, दोन-तीन दिवसांत उतरतो आणि माणूस पुन्हा वावरात जातो.

पण काही माणसांच्या बाबतीत हीच पहिली सुई घात करते. ज्यांच्या हृदयाची झडप आधीच खराब आहे, ज्यांना कृत्रिम झडप बसवली आहे, ज्यांच्या हृदयाला जन्मापासून दोष आहे, अशांचा ताप कधीकधी थेट हृदयात शिरलेल्या जंतूंमुळे असतो. या आजाराला इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस म्हणतात. तो अँटिबायोटिक औषधांनी बरा होतो. मात्र कोणते औषध चालेल हे रुग्णाच्या रक्तात सापडणाऱ्या जंतूवरून ठरते. अंदाजाने दिलेली सुई तो जंतू मारत नाही, फक्त लपवते. मग मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनाही अंधारात औषध निवडावे लागते.

मी डॉक्टर नाही. समाजशास्त्र शिकून समाजकार्य करणारी कार्यकर्ती आहे. त्यामुळे या लेखातून कोणी स्वतःचे औषध ठरवू नये. रुग्णासोबत दवाखान्यात जाणाऱ्या तरुणांना डॉक्टर काय करत आहेत आणि का करत आहेत हे कळावे, योग्य वेळी योग्य प्रश्न विचारता यावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

झडपेवर जंतू बसतात म्हणजे नेमके काय होते?

हृदयात चार झडपा असतात. रक्त एकाच दिशेने पुढे जावे म्हणून त्या उघडतात आणि मिटतात. निरोगी झडप गुळगुळीत असते, तिच्यावर जंतू सहसा टिकत नाहीत. खरबडीत, जाड झालेल्या किंवा गळणाऱ्या झडपेवर मात्र रक्तातले सूक्ष्म कण जमतात. दात काढताना, हिरडी सुजलेली असताना, पिकलेल्या जखमेतून किंवा सलाईनच्या नळीतून जंतू रक्तात उतरले की ते या जागी चिकटतात. त्यांच्याभोवती रक्त गोठवणाऱ्या घटकांचा थर चढत जातो आणि एक लोंबता गोळा तयार होतो. डॉक्टर त्याला व्हेजिटेशन म्हणतात. इको तपासणीत तो झडपेबरोबर हलताना दिसू शकतो.

या गोळ्याच्या आत जंतूंची दाट वस्ती असते. झडपेला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. त्यामुळे शरीराच्या संरक्षक पेशी तिथे नीट पोचत नाहीत आणि औषधही बाहेरून आत झिरपतच जाते. आतले काही जंतू तर इतके संथ वाढतात की औषधाचा त्यांच्यावर परिणाम व्हायला वेळ लागतो. आपल्या भाषेत सांगायचे तर ही हरळी आहे. एक डवरणी केली की वावर स्वच्छ दिसते, पण मुळ्या जमिनीत शाबूत असतात आणि आठ दिवसांत पुन्हा फुटतात.

गोळ्याचा तुकडा तुटून रक्तातून मेंदूत गेला तर लकवा होतो. किडनी, प्लीहा किंवा पायाच्या रक्तवाहिनीत अडकला तर त्या अवयवाचा रक्तपुरवठा बंद पडतो. झडप फाटली तर काही दिवसांत, कधी काही तासांत दम लागून माणूस गंभीर होतो. उत्तम सोयी असलेल्या रुग्णालयांतही या आजाराच्या साधारण पाच-सहा रुग्णांमागे एक दगावतो. म्हणून येथे प्रत्येक दिवस मोलाचा असतो.

हा आजार आपल्या वस्त्यांशी का जोडलेला आहे?

श्रीमंत देशांत हा आजार मुख्यतः म्हाताऱ्या माणसांना, कृत्रिम झडप किंवा पेसमेकर असलेल्यांना होतो. आपल्याकडे चित्र वेगळे राहिले आहे. चंदीगडच्या पीजीआय संस्थेने १९८१ ते १९९१ या दहा वर्षांतल्या रुग्णांचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. त्या रुग्णांचे सरासरी वय २५ च्या आसपास होते आणि सर्वांत जास्त आढळलेले मूळ कारण होते संधिवाताच्या तापाने खराब झालेली झडप. आता मोठ्या शहरांतले प्रमाण बदलत आहे, तरी गरीब भागातल्या तरुण रुग्णाच्या मागे आजही अनेकदा हेच कारण असते.

संधिवाताचा ताप म्हणजे रुमॅटिक फिव्हर. साधारण ५ ते १५ वर्षांच्या मुलाला स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूमुळे घसादुखी होते. ती आपोआप बरी झाल्यासारखी वाटते. दोन-तीन आठवड्यांनी गुडघे, घोटे, कोपरे आळीपाळीने सुजतात. जंतूंशी लढणारी शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच झडपांवर हल्ला करते. सांध्यांची सूज जाते, पण झडपेवरचा व्रण राहतो. एका खोलीत सहा-सात जणांनी झोपणे, घसादुखीकडे दुर्लक्ष, दवाखाना लांब असणे या सगळ्यांतून हा आजार वाढतो. ज्या देशांत घरे सुधारली आणि पेनिसिलिन वेळेवर मिळू लागले तिथे तो जवळजवळ नाहीसा झाला. तो कुठे उरला आहे हे पाहिले की गरिबी कुठे उरली आहे हे कळते.

संधिवाताचा ताप येऊन गेलेल्या मुलांना दर तीन आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन दिले जाते. ते अनेक वर्षे चालते. पुन्हा घसा येऊन झडप आणखी बिघडू नये यासाठी ते असते. हे इंजेक्शन चालू असले तरी झडपेवर दुसरे जंतू बसू शकतात, म्हणून ‘मला तर दर महिन्याला पेनिसिलिन मिळते’ असे समजून लांबलेला ताप अंगावर काढू नये.

जंतू कोणता, त्यावर औषध कोणते

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. झडपेच्या संसर्गाचे औषध निवडताना डॉक्टर तीन गोष्टी पाहतात: जंतू कोणता, तो कोणत्या औषधाला किती बधतो, आणि झडप मूळची आहे की कृत्रिम. त्याशिवाय किडनीची स्थिती, पेनिसिलिनची ॲलर्जी आणि मेंदूत काही पसरले आहे का हेही पाहावे लागते.

पहिला गट तोंडात राहणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचा. हे हळू वाढतात, त्यामुळे ताप कित्येक आठवडे बारीक राहतो, वजन घटते, रात्री घाम येतो. पेनिसिलिनला नीट बधणारा जंतू असेल तर शिरेतून पेनिसिलिन किंवा दिवसातून एकदा सेफ्ट्रायॅक्सोन, साधारण चार आठवडे दिले जाते. काही निवडक, गुंतागुंत नसलेल्या रुग्णांत जेंटामायसिन जोडून हा काळ दोन आठवड्यांवर आणता येतो. पण त्यासाठी किडनी चांगली हवी, कारण जेंटामायसिन किडनीला आणि कानाला इजा करू शकते.

दुसरा गट एन्टेरोकॉकसचा. हा आतड्यात राहतो, लघवीच्या संसर्गातून किंवा मूत्रमार्गाच्या उपचारानंतर रक्तात येऊ शकतो. आपल्याकडे तापावर सर्रास टोचले जाणारे सेफ्ट्रायॅक्सोन एकटे दिले तर या जंतूवर चालत नाही. इथे अँपिसिलिनसोबत जेंटामायसिन, किंवा अँपिसिलिनसोबत सेफ्ट्रायॅक्सोन अशी जोडी लागते. ही जोडी चार ते सहा आठवडे चालते. म्हणजे आधीच्या जंतूला बरे करणारे औषध या जंतूसमोर एकटे निकामी ठरते. रुग्णाकडे पाहून, तापावरून किंवा इकोवरून हा फरक कोणालाही खात्रीने सांगता येत नाही.

तिसरा गट स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा. हा कातडीवर आणि नाकात राहतो. गळू, पिकलेली जखम, शिरेत ठेवलेली नळी, डायलिसिस यांतून तो रक्तात जातो. हा सर्वांत आक्रमक. काही दिवसांतच झडप पोखरतो. त्याचे दोन प्रकार आहेत. साध्या प्रकारावर क्लॉक्सासिलिनच्या गटातले औषध किंवा सेफाझोलिन चालते. एमआरएसए नावाच्या प्रतिकारक प्रकारावर ही औषधे चालत नाहीत, तिथे व्हॅन्कोमायसिन किंवा डॅप्टोमायसिन लागते. कृत्रिम झडपेवर स्टॅफिलोकॉकस बसला तर रिफॅम्पिसिन आणि जेंटामायसिनही जोडावे लागते आणि उपचार किमान सहा आठवडे चालतो.

काही जंतू नेहमीच्या तपासणीत वाढतच नाहीत. क्यू फिव्हरचा कॉक्सिएला आणि मांजरीच्या पिसवा किंवा माणसाच्या उवांशी संबंधित बार्टोनेला यांच्यासाठी रक्ताच्या वेगळ्या तपासण्या असतात. जनावरांतून येणारा ब्रुसेला वाढायला फार वेळ घेतो. या जंतूंवर डॉक्सिसायक्लिनसारखी अगदी वेगळी औषधे लागतात. म्हणून घरी शेळ्या-गायी आहेत का, एखाद्या जनावराचा नुकताच गर्भपात झाला का, कच्चे दूध पिण्यात येते का, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण सांगावे.

महाग म्हणजे जालीम, हा गैरसमज

आपल्या समाजात एक समजूत पक्की बसली आहे: औषध जितके महाग आणि नवे, तितके ते ‘पॉवरफुल’. झडपेच्या संसर्गात ही समजूत उलटी पडते. स्टॅफिलोकॉकस साधा असेल तर महागडे व्हॅन्कोमायसिन हे जुन्या क्लॉक्सासिलिन गटापेक्षा आणि सेफाझोलिनपेक्षा कमी पडते. जंतू पेनिसिलिनला बधत असेल तर पेनिसिलिनच उत्तम. मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी तिसऱ्या-चौथ्या दिवशी भारी औषध बंद करून स्वस्त औषध सुरू केले तर ‘गरीब आहे म्हणून हलके औषध दिले’ असा संशय घेऊ नका. रिपोर्ट आला आणि नेम सापडला, असाच त्याचा अर्थ बहुतेक वेळा असतो.

पेनिसिलिनशी महाराष्ट्राचे नातेही जुने आहे. पेनिसिलिन येण्यापूर्वी झडपेच्या या संसर्गातून जवळजवळ कोणीही वाचत नसे. १९४० च्या दशकात ते वापरात आले आणि मरणारे रुग्ण बरे होऊ लागले. भारताने पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी केली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची तिला मदत झाली होती. जीव वाचवणारे औषध खासगी नफ्यावर सोडायचे नाही, देशातच परवडेल अशा दरात बनवायचे, हा त्यामागचा विचार होता. पुढे स्वस्त आयातीपुढे देशातले पेनिसिलिनचे उत्पादन मोडीत निघाले. जुने, स्वस्त औषध बनवण्यात नफा कमी असला की ते बाजारातून कसे दिसेनासे होते, याचे हे उदाहरण आरोग्याच्या प्रश्नावर काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पहिली सुई आणि हरवलेला पुरावा

जंतू ओळखण्याची तपासणी म्हणजे ब्लड कल्चर. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी वेगवेगळ्या जागी सुई टोचून, काही वेळाच्या अंतराने, रक्ताचे तीन संच घेतले जातात. मोठ्या माणसात प्रत्येक बाटलीत साधारण १० मिलिलिटर रक्त जाते. ‘इतके रक्त कशाला काढता?’ म्हणून नातेवाईक भांडतात. पण रक्तात जंतू विरळ असतात. रक्त कमी घेतले तर ते हाती लागत नाहीत. आणि एकाच संचात जंतू सापडला तर तो कातडीवरचा होता की हृदयातला हे सांगता येत नाही. तीन ठिकाणी तोच सापडला तर शंका उरत नाही.

रक्त घेण्याआधी अँटिबायोटिकचे दोन-चार डोस झाले असतील तर रक्तातले जंतू दबतात आणि बाटलीत काहीच वाढत नाही. झडपेवरच्या गोळ्यात मात्र ते जिवंत असतात. कल्चर निगेटिव्ह येण्याचे हेच सर्वांत मोठे कारण आहे. वर उल्लेख केलेल्या चंदीगडच्या अभ्यासातही निम्म्याहून कमी रुग्णांच्या रक्तात जंतू वाढले होते. जंतू सापडला नाही की डॉक्टरांना सगळ्या शक्यता झाकणारी दोन-तीन औषधे एकत्र द्यावी लागतात. खर्च वाढतो, किडनीवरचा ताण वाढतो आणि तरीही नेम बरोबर लागला का, हे कळत नाही.

आपल्याकडे आणखी एक वळण येते. महिनाभर ताप, वजन कमी, भूक नाही, म्हटले की टीबीचा संशय येतो. टीबी आपल्या भागात आहेच, त्यामुळे संशय रास्त आहे. पण तपासणीत टीबी सिद्ध न होता अंदाजाने औषधे सुरू झाली तर त्यातले रिफॅम्पिसिन झडपेवरच्या जंतूंनाही अर्धवट दाबते आणि खरे निदान आणखी लांबते. म्हणून झडपेचा त्रास माहीत असलेल्या माणसाला लांबलेला ताप असेल तर थुंकीच्या तपासणीबरोबर ब्लड कल्चर आणि इको यांचीही विचारणा करावी.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगते. रुग्ण अत्यवस्थ असेल, रक्तदाब पडलेला असेल, शुद्ध हरपत असेल, तर रिपोर्टसाठी थांबायचे नसते. काही मिनिटांत रक्ताचे नमुने घेऊन लगेच औषध सुरू करायचे असते. ‘आधी कल्चर’ याचा अर्थ ‘उपचाराला उशीर’ असा कोणी काढू नये. आणि आधी अँटिबायोटिक घेऊन झाले असेल तर ते लपवू नका. औषधाची पट्टी, रिकामी बाटली, चिठ्ठी, जे असेल ते सोबत न्या. त्यावरूनही डॉक्टरांना पुष्कळ कळते.

अर्धवट औषधाचे दुसरे नुकसान आपण शेतात पाहिले आहे. बीटी कापूस आला तेव्हा बोंडअळी संपली असे वाटले होते. तेच तेच वाण सगळीकडे, वर्षानुवर्षे लावल्यावर गुलाबी बोंडअळी त्याला पचवायला शिकली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातल्या कापसाचे काय झाले हे सांगायला नको. जंतूही असेच शिकतात. म्हणूनच सेफ्ट्रायॅक्सोन, सेफिक्झिम यांसारखी अनेक औषधे १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-वन’ यादीत आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि मेडिकल दुकानदाराला विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते. ‘ताप आहे, काहीतरी द्या’ म्हणून मिळणारे अँटिबायोटिक हे त्या नियमाचे उल्लंघन आहे.

ताप उतरला तरी सुट्टी का नाही?

बरोबर औषध लागू पडले की बहुतेकांचा ताप पहिल्या आठवड्यात उतरतो. भूक लागते, चेहरा फिरतो. आणि इथेच घात होतो. घरी जनावरे, लहान मुले, सोयाबीनची सोंगणी. सोबत राहणाऱ्याचीही मजुरी बुडालेली. ‘आता बरे वाटते’ म्हणून सही करून लोक निघून जातात. औषधाने वरचे जंतू मेलेले असतात, गोळ्याच्या आतले नाही. काही आठवड्यांत ताप परत येतो, तोवर झडप आणखी खराब झालेली असते.

उपचाराचे दिवस मोजण्याची पद्धतही समजून घ्या. औषध सुरू झाल्यावर दर एक-दोन दिवसांनी कल्चर पुन्हा करतात. ज्या दिवशीच्या रक्तात जंतू वाढत नाहीत, त्या दिवसापासून चार किंवा सहा आठवडे धरतात. त्यामुळे ‘आम्हाला येऊन महिना झाला, अजून का सोडत नाही?’ याचे उत्तर त्या कागदावर असते. पहिले निगेटिव्ह कल्चर कोणत्या तारखेचे, हा प्रश्न नक्की विचारा आणि तारीख लिहून ठेवा.

नुसत्या औषधाने भागत नाही अशाही वेळा येतात. झडप फाटून दम लागला, झडपेच्या मुळाशी पू झाला, योग्य औषध देऊनही जंतू रक्तातून जात नाहीत, किंवा मोठा गोळा तुटण्याचा धोका आहे, तेव्हा उपचार चालू असतानाच शस्त्रक्रिया करावी लागते. ‘आधी ताप पूर्ण जाऊ द्या, मग बघू’ असे म्हणून ती टाळली तर कधीकधी संधी निघून जाते.

मग सहा आठवडे संपूर्ण मोठ्या शहरात काढलेच पाहिजेत का? दरवेळी नाही. डेन्मार्कमधील डॉक्टरांनी ४०० रुग्णांवर केलेला ‘पोएट’ नावाचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला किमान दहा दिवस शिरेतून औषध देऊन स्थिर झालेल्या रुग्णांना पुढे काटेकोर देखरेखीखाली गोळ्या दिल्या, तर निकाल शिरेतल्या उपचाराइतकाच चांगला आला. हे निवडक रुग्ण होते, जंतू माहीत होता, दोन-दोन औषधे एकत्र होती आणि नियमित तपासणी होती. म्हणून आपण होऊन गोळ्यांवर येणे हा त्याचा अर्थ नव्हे. पण ‘माझा रुग्ण यात बसतो का?’ हे विचारायला हरकत नाही. दुसरा मार्ग असा: जंतू सेफ्ट्रायॅक्सोनला बधणारा असेल, रुग्ण स्थिर असेल आणि धोक्याचे पहिले दोन आठवडे उलटले असतील, तर उरलेले रोजचे एक इंजेक्शन गावाजवळच्या सरकारी रुग्णालयात घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. त्यांनी होकार दिला तर जंतूचे नाव, औषध, मात्रा, शेवटची तारीख, आणि कोणती लक्षणे दिसताच परत यायचे, हे सर्व लेखी घ्यावे. असा एक कागद एका कुटुंबाची महिन्याची मजुरी आणि रुग्णाचा जीव दोन्ही वाचवू शकतो.

खर्च आणि आपले हक्क

राजूर घाट चढून बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय, नाहीतर मलकापूरहून गाडी धरून अकोला किंवा जळगाव, नाहीतर छत्रपती संभाजीनगर, अशा आपल्या वाटा आहेत. २०२४ मध्ये बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. पैशाअभावी उपचार अर्धवट सुटू नये म्हणून काही तरतुदी माहीत हव्यात.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आता ती राज्यभर आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. झडपेच्या शस्त्रक्रिया तिच्यात आहेत. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. भरती होताच त्याला भेटा, औषधोपचार कोणत्या पॅकेजमध्ये बसतो आणि किती दिवस, हे पहिल्याच दिवशी विचारा. चौथ्या आठवड्यात धावपळ नको. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. शिधापत्रिका, आधार आणि उत्पन्नाचा दाखला घरात एका पिशवीत तयार असावा.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

पहिले काम, आपल्या वस्तीत झडपेचा त्रास असलेली माणसे कोण आहेत हे माहीत करून घेणे. त्यांच्या संमतीनेच, आणि माहिती चार लोकांत न फिरवता. अशा प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी असावी: ‘मला झडपेचा आजार आहे. ताप असल्यास अँटिबायोटिक देण्याआधी ब्लड कल्चरसाठी रक्त घ्यावे.’ कृत्रिम झडप, पूर्वी झालेला एंडोकार्डायटिस, पेनिसिलिनची रिॲक्शन, चालू औषधे याही गोष्टी त्यावर लिहाव्यात.

दुसरे काम दातांचे. किडलेले दात आणि सुजलेल्या हिरड्या हा जंतूंचा रोजचा दरवाजा आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी पुड्या कुठे मिळतात हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. झडपेच्या रुग्णाने दिवसातून दोनदा दात घासावेत आणि वर्षातून एकदा तरी दंतवैद्याला दाखवावे. कृत्रिम झडप असलेल्यांना किंवा हा संसर्ग आधी होऊन गेलेल्यांना दात काढण्यापूर्वी अँटिबायोटिकचा एक डोस दिला जातो. इतरांना लागतो का हे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील, पण दंतवैद्याला झडपेबद्दल सांगणे सर्वांसाठी आवश्यक.

तिसरे काम शाळेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला झाली. संधिवाताने होणारा हृदयविकार त्याच्या तपासणी यादीत आहे. पथक अंगणवाडीत किंवा शाळेत येणार असेल त्या दिवशी मूल घरी राहू नये, आणि ज्या मुलाचे सांधे सुजले होते त्याच्याबद्दल पथकाला मुद्दाम सांगावे.

चौथे काम मागणीचे. आपल्या तालुक्यातून जिल्हा रुग्णालयात गेलेल्या रुग्णाचे ब्लड कल्चर तिथेच होते की नमुना बाहेर जातो? रिपोर्ट किती दिवसांत येतो? इको कोणत्या दिवशी होते? बेंझाथिन पेनिसिलिन ग्रामीण रुग्णालयात नियमित येते का? हे प्रश्न रुग्णकल्याण समितीत, ग्रामसभेत आणि गरज पडल्यास माहिती अधिकारात विचारता येतात. रस्ता आणि समाजमंदिर मागतो तशीच प्रयोगशाळाही मागितली पाहिजे.

वर्षावासात विहारात रोज संध्याकाळी माणसे जमतात, आयाबाया मुलांना घेऊन येतात. त्यातली एक संध्याकाळ या विषयाला द्या. तालुक्यातल्या एखाद्या डॉक्टरांना बोलवा. १४ एप्रिलच्या रक्तदान शिबिरात आलेल्या तरुणांना सांगा की रक्त जसे दुसऱ्याचा जीव वाचवते, तसे वेळेवर तपासणीला गेलेले स्वतःचे रक्तही वाचवते.

आणि उद्याच करता येईल असे एक काम. तुमच्या गल्लीत कोणाचा ताप आठवडा उलटूनही हटत नसेल आणि त्याला चढण चढताना दम लागत असेल, तर त्याला आणखी एका सुईसाठी नेऊ नका. ब्लड कल्चर आणि इको होईल अशा ठिकाणी न्या, जुने कागद सोबत घ्या, आणि अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्त घेतले का, एवढे विचारा.